पोराच्या हाती रायफल द्यावी काय?



या पानावर एरवी लागणीच्या तारखा, खोडव्याची निगा, ठिबकचे हप्ते आणि तोडणीचा कार्यक्रम यांचीच चर्चा असते. या खेपेस विषय निराळा आहे. पण तो आपल्या घराघरात शिरला आहे, म्हणून त्यावर चार शब्द लिहिणे आम्हांस आवश्यक वाटते.

१ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने ५० मीटर रायफलच्या तीन पवित्र्यांच्या स्पर्धेत कांस्यपदक मिळवले. त्याआधी १९५२ साली हेलसिंकीला कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक आणले होते. महाराष्ट्राच्या खेळाडूला दुसरे वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला मध्ये ७२ वर्षे गेली. दोघेही खेड्यातले, दोघेही आपल्याच मुलखातले. साहजिकच गावोगावची पोरे आता रायफलीच्या नादाला लागली आहेत. गट ऑफिसात ऊसनोंदीला आलेले सभासदसुद्धा काम झाल्यावर हळूच विचारतात, "पोरगं रायफल मागतंय. घेऊन द्यावी का?"

यावर दोन तऱ्हेची उत्तरे ऐकू येतात. काही म्हणतात, बंदूक ती बंदूक, बांधाच्या भांडणात एक दिवस बाहेर निघेल, घरात नकोच. दुसरे म्हणतात, एकुलता एक पोरगा आहे, बिलावर उचल घेऊ पण आणून देऊ. आमचे स्पष्ट मत असे की दोन्ही उत्तरे घाईची आहेत. आधी वस्तू काय आहे ती समजून घ्यावी, मग हो की नाही ते ठरवावे. बैल घेताना आपण दात बघतो, चाल बघतो, मग इथे न बघता नकार किंवा होकार कशाला?

आमच्या एका सभासदाचा मुलगा यंदा अकरावीला आहे. त्याचे नाव इथे लिहीत नाही, तशी गरजही नाही. या मुलाने गेले वर्षभर रायफलीची माहिती एका वहीत लिहून काढली आहे. जत्रेतल्या फुग्यांवर मारलेले छर्रे सोडले तर त्याने आजवर रायफल हातात धरलेली नाही. तरी त्याची वही वाचून आम्हांस कौतुक वाटले. सुरुवातीला त्याचीही समजूत अशी होती की स्वप्नीलच्या हातात दिसली तीच रायफल आणायची. पुढे त्याला कळले की ५० मीटरची ती रायफल पॉइंट टू टू बोअरची असते, तिच्यात दारूची गोळी असते आणि तिला शस्त्रपरवाना लागतो. शिकाऊ मुलाची सुरुवात तिथे होतच नाही. सुरुवात होते ती १० मीटरच्या हवाई रायफलीवर. शाळांच्या स्पर्धांत, क्लबांत आणि ऑलिंपिकमध्येही सर्वांत लोकप्रिय रायफल हीच. ऑलिंपिकमध्ये ती १९८४ साली लॉस एंजलिसला आली. २००८ साली बीजिंगला अभिनव बिंद्राने भारताचे पहिले वैयक्तिक सुवर्णपदक मिळवले ते याच रायफलीवर, आणि २०१२ साली लंडनला गगन नारंगचे कांस्यही याच रायफलीचे.

हवाई रायफल म्हणजे काय, ते सोप्या भाषेत सांगतो. तिच्यात दारू नसते, तर छर्रा हवेच्या जोराने जातो. छर्रा शिशाचा, कमरेत बारीक, साडेचार मिलिमीटर जाडीचा आणि वजनाने सुमारे अर्धा ग्रॅम. हवा दाबण्याच्या मुख्य तऱ्हा दोन. पहिली स्प्रिंगची. नळी मधून वाकवली की आतली स्प्रिंग दबून अडकून बसते. चाप ओढला की ती सुटते, दट्ट्या पुढे धावतो आणि त्याच्यापुढची हवा दाबली जाऊन छर्रा निघतो. जत्रेत दिसते ती बहुधा हीच. तिचा दोष असा की छर्रा नळीतून बाहेर पडण्याआधीच दट्ट्या रायफलीला हिसका देतो. दुसरी तऱ्हा भरलेल्या हवेची. नळीखाली एक नळकांडे असते, त्यात सुमारे २०० बार दाबाने हवा भरतात. मोटारसायकलच्या चाकात साधारण २ बार असते, यावरून अंदाज करा. प्रत्येक वेळी मोजकीच हवा सुटते आणि हिसका जवळजवळ बसत नाही. स्पर्धेत आज हीच वापरतात. ते नळकांडे जुने झाले की बदलावे लागते, त्यावर मुदत छापलेली असते. गॅसची टाकी जशी आपण तपासून घेतो तसेच हे.

आता लक्ष्य बघा. १० मीटर म्हणजे आपल्या अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. कोणालाही वाटेल, एवढ्यावरून काय चुकायचे? पण मधला दहा गुणांचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा, म्हणजे खसखशीच्या दाण्याहूनही बारीक! छर्र्याची कड त्या ठिपक्याला लागली तरी दहा मिळतात. अगदी मधोमध बसला तर १०.९. असे ६० छर्रे ७५ मिनिटांत मारायचे, तेही उभ्याने, पाच किलोच्या आसपासची रायफल हातात धरून. साडेपाच किलोपेक्षा जड रायफल चालत नाही. दुर्बीण लावायला परवानगी नाही. मागच्या बारीक भोकातून पुढचे कडे बघायचे आणि त्या कड्यात काळे वर्तुळ बरोबर मधे आणायचे, एवढेच साधन.

त्या मुलाने वहीत एक हिशेब मांडला आहे, तो आम्हांला फार आवडला. मागची आणि पुढची साइट यांच्यात पाऊण मीटर अंतर धरा. पुढची साइट पाव मिलिमीटर जरी बाजूला गेली, तरी १० मीटरवर छर्रा सव्वातीन मिलिमीटरने चुकतो आणि दहा गुणांची संधी जाते. पाव मिलिमीटर म्हणजे किती? श्वास घेतला की छाती हलते, तेवढ्याने त्याच्या कितीतरी पट चूक होते. म्हणून नेमबाज श्वास अर्धा सोडून थांबतो, डावे कोपर कमरेच्या हाडावर टेकवतो, रायफलीचा भार हाडांवर घेतो, स्नायूंवर नाही. चाप झटक्याने ओढत नाही, हळूहळू दाबत नेतो. आणि मन ठिकाणावर नसेल तर रायफल खाली उतरवून पुन्हा सुरुवात करतो. मारायचे नाही हे ठरवणे हाही या खेळाचा भाग आहे. रागीट आणि उतावळ्या पोराचे इथे काम नाही. रायफलीने पोरगं बिघडेल म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

आणखी एक गोष्ट. रायफल घेण्यापूर्वीच शिक्षण सुरू होते. चांगले शिक्षक सुरुवातीला कितीतरी दिवस छर्राच देत नाहीत. नुसते उभे राहायला, रायफल तोलायला आणि रिकामा चाप दाबायला लावतात. म्हणजे लाखाची वस्तू आणून ठेवली तरी पहिले महिने ती मुकीच राहणार. स्पर्धेची परदेशी रायफल नवी घ्यायची तर लाखाचा आकडा सहज ओलांडतो, पुष्कळदा दोन लाखांपलीकडे जातो. त्यावर जॅकेट, पँट, बूट आणि छर्र्यांचे डबे. अकरावीतल्या आमच्या या मुलाचे वडील सव्वा एकराचे धनी. बिलावर उचल घेऊन रायफल आणावी काय, असे त्यांनी आम्हांस विचारले. आम्ही त्यांना स्पष्ट सांगितले, आणि सर्व सभासदांना इथे तेच सांगतो: आणू नका. आधी पोराला सहा महिने शिकू द्या. टिकला तर पुढचे बघू.

मग स्वस्तातली घेऊन द्यावी का? काही हजारांत देशी स्प्रिंगची रायफल मिळते. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे साडेचार मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंत जोर असलेल्या हवाई रायफलीला परवाना लागत नाही. स्पर्धेच्या रायफलीचा जोर साधारण ८ ज्यूल असतो, म्हणजे ती या मर्यादेत पुष्कळ खाली बसते. पण परवाना लागत नाही याचा अर्थ ते खेळणे आहे असा नव्हे. छर्रा शे-दीडशे मीटरवरसुद्धा जातो आणि डोळ्याला लागला तर डोळा जातो. गावात घरे दाटीची, अंगणात लहान पोरे, परड्यात बायामाणसे. तिथे भिंतीवर डबा ठेवून नेम धरणे म्हणजे संकटाला आवतण.

रानात नेली तर दुसरा अनर्थ. एकट्या पोराच्या हातात छर्र्याची बंदूक आली की पहिला नेम साळुंकीवर धरला जातो, दुसरा होल्यावर आणि तिसरा घुबडावर. नांगरट चालू असताना फाळामागून चालणाऱ्या साळुंक्या आणि कावळे काय वेचतात, ते प्रत्येक सभासदाने पाहिले आहे. हुमणीच्या अळ्या वेचतात! हुमणीने वाळलेले उसाचे बेट उपटून बघा, म्हणजे साळुंकीची किंमत कळेल. घुबड रात्रभर उंदीर मारते आणि मजुरी मागत नाही. या पाखरांना छर्रे घालणे म्हणजे आपल्याच फडाच्या राखणदाराला मारणे. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पुष्कळ पक्ष्यांना संरक्षण दिले आहे, तेव्हा गंमत म्हणून मारलेल्या पाखरापायी पोरगं कोर्टात उभे राहू शकते. रानडुकराचेही तसेच. छर्र्याने डुक्कर मरत नाही, जखमी होऊन अंगावर येते. नुकसान झाले तर वनखात्याकडे अर्ज करून पंचनामा मागावा, पोराला बंदूक देऊन फडात पाठवू नये.

इथे एक खरी हकिगत सांगण्याजोगी आहे. १९०८ च्या सुमारास मुंबईतल्या एका शाळकरी मुलाने आपल्या खेळातल्या हवाई बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, म्हणून तो मामांकडे गेला. मामांनी त्याला मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेत पाठवले. तिथले सचिव मिलार्ड साहेब त्याच्यावर ओरडले नाहीत. त्यांनी कपाटे उघडून पेंढा भरून ठेवलेले शेकडो पक्षी त्याला दाखवले. तो मुलगा म्हणजे पुढे जगभर पक्षितज्ज्ञ म्हणून नावाजलेले डॉ. सलीम अली. त्यांनी १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्राला त्या चिमणीवरूनच नाव दिले. बंदूक हातात असलेल्या पोराला योग्य वेळी कोण भेटते, यावर पुष्कळ अवलंबून असते. आपल्या पोरांना तसे माणूस आणि तशी जागा देणे हे आपले काम नाही काय?

म्हणून आमची सूचना अशी. कारखान्याचे जुने बारदान गोदाम गेली काही वर्षे रिकामे पडले आहे. १० मीटरच्या रेंजला मैदान लागत नाही. पंधरा-सोळा मीटर लांबीची बंद खोली, लक्ष्यामागे छर्रे अडवणारी पोलादी पेटी, वर चांगला उजेड आणि समोरच्या बाजूने कोणाला आत येता येणार नाही अशी भिंत, एवढे मुख्यतः लागते. प्रत्येक नेमबाजाला मीटरभर रुंदीची जागा पुरते. चार-पाच जागांची रेंज आपल्या गोदामात सहज बसेल. रायफली तीन-चारच घ्याव्यात आणि त्याही कारखान्याच्या नावावर. घरी न्यायच्या नाहीत. कुलपात ठेवायच्या, रजिस्टरला नोंद करून द्यायच्या आणि मोजून परत घ्यायच्या. शिकवायला रीतसर शिक्षण घेतलेला प्रशिक्षक आठवड्यातून दोन-तीन दिवस आणावा. शिस्त राखायला माणसे शोधावी लागणार नाहीत, आपल्या सभासदांत फौजेतून निवृत्त झालेले जवान गावोगाव आहेत.

त्या शिस्तीचे चार नियम इथेच देतो, कारण घरी रायफल असणाऱ्यांनाही ते लागू आहेत. रायफल नेहमी भरलेलीच आहे असे समजावे. नळीचे तोंड लक्ष्याखेरीज कुठेही करू नये, गमतीने तर नाहीच. नेम धरेपर्यंत बोट चापावर ठेवू नये. आणि रायफल खाली ठेवताना ती उघडी ठेवून नळीतून रंगीत दोरी आरपार घालावी, म्हणजे रिकामी असल्याचे लांबूनही दिसते. स्पर्धांतही अशी दोरी घालावीच लागते. छर्रे शिशाचे असतात, तेव्हा सराव झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावू नये, हा पाचवा नियम समजा.

आमच्या सूचनेवर आक्षेप येणार, हे आम्ही जाणतो. पहिला आक्षेप पैशाचा. "उसाचे बिल आधी द्या, रायफली मग घ्या," असे कोणी म्हणाले तर त्यात काही चूक नाही. सभासदाचे बिल थकवून खेळ मांडावा असे आमचेही म्हणणे नाही. या कामासाठी टनामागे एक पैसाही कपात होऊ नये. खर्चाचा अंदाज आधी छापून सभासदांपुढे ठेवावा आणि वार्षिक सभेने मंजुरी दिली तरच पाऊल उचलावे. पण एवढे ध्यानात घ्या की सव्वा एकराच्या धन्याला जी वस्तू घेता येत नाही, ती सगळ्यांनी मिळून घेता येते. प्रवरानगरला पहिला सहकारी साखर कारखाना उभा राहिला तो याच विचारावर. अभिनव बिंद्राला वडिलांनी घरीच रेंज बांधून दिली होती. आपल्यातला कोणता बाप ते करील? खाशाबांना हेलसिंकीला पाठवण्यासाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांना स्वतःचे घर गहाण टाकावे लागले. खेड्यातल्या गुणी पोरासाठी दर वेळी कोणी घर गहाण टाकावे काय? मग सहकार कशासाठी आहे?

दुसरा आक्षेप असा की यातून किती जणांना पदके मिळणार? खरे सांगायचे तर फार थोड्यांना. कदाचित एकालाही नाही. खोटी आशा दाखवून पोरांचा अभ्यास बुडवणे आम्हांस मान्य नाही. स्वप्नील २०१५ साली रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून नोकरीला लागला आणि नोकरी सांभाळून त्याने पुढची ९ वर्षे नेम धरला, तेव्हा पॅरिस आले. पण खेळाचा हिशेब नुसत्या पदकांत करू नये. हातात बंदूक घेऊन मोबाइलवर फोटो टाकणे म्हणजे मर्दुमकी, अशी एक खुळी समजूत तरुणांत पसरते आहे. पोराला नुसते दरडावून ती जाणार नाही. ज्याने पंधरा दिवस रिकामा चाप दाबत उभे राहून पाय दुखवून घेतले, ज्याने पाव मिलिमीटरचा हिशेब केला, त्याला त्या फोटोतला पोकळपणा आपोआप कळतो. माहिती नसते तिथेच नाद वाढतो.

तिसरी गोष्ट आक्षेप नसून राहून गेलेली बाब आहे. आमच्याकडे विचारणा झाली ती सगळी मुलांसाठी, मुलीसाठी एकाही सभासदाने विचारले नाही. हे बरे नव्हे. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोन रायफलमध्ये जगज्जेती झाली, नेमबाजीत असा मान मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. कोल्हापूरच्याच राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पिस्तुलात सुवर्ण मिळवले. अंजली भागवत एनसीसीतून या खेळात आली आणि २००० साली सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीपर्यंत गेली. हवाई रायफलीत पूर्वी महिलांना ४० छर्रे असत, २०१८ पासून त्यांनाही पुरुषांइतकेच ६० असतात. लक्ष्य तेच, अंतर तेच. या खेळात ताकदीपेक्षा स्थिरता मोठी, आणि ती आपल्या लेकींपाशी कमी नाही. रेंज झालीच तर निम्म्या जागा मुलींना राखून ठेवाव्यात असा आमचा आग्रह राहील.

शेवटी एक. वजनकाट्याबद्दल शंका घेण्यात आपले सभासद कोणाला हार जात नाहीत, आणि घ्यावीही. नेमबाजीत ती सोय नाही. कार्डावर भोक पडले की पडले. वशिला चालत नाही, भावकी चालत नाही, कोण कुणाचा पोरगा हे कार्डाला माहीत नसते. असा एक तरी खेळ आपल्या पोरांनी शिकावा, असे आम्हांस मनापासून वाटते.

तरी सर्व सभासदांनी या सूचनेचा घरी विचार करावा. ज्यांच्या मुला-मुलींना शिकण्याची इच्छा असेल त्यांनी नाव, वय आणि इयत्ता लिहून आपल्या गट ऑफिसात द्यावे. पन्नास नावे आली तर वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा अशी विनंती आम्ही संचालक मंडळास करू. पाच आली तरी ती संचालक मंडळास कळवू. ज्यांचा विरोध असेल त्यांनीही तो लिहून पाठवावा, पुढच्या अंकात आम्ही तो जसाच्या तसा छापू. तोवर बिलावर उचल घेऊन कोणीही रायफल आणू नये, आणि आणलीच असेल तर ती आजच कुलपात ठेवावी, ही कळकळीची विनंती.